वलणीची काठी नव्हे, धनुष्य आहे ते

आमच्या खोलीत दाराच्या मागे एक काठी उभी असते, उंच वलणीवर कपडे वाळत टाकायची. एका अंगाला वाकलेली, मधे जाड, दोन्ही टोकांना निमुळती. तिच्यावरून सध्या घरात रोज कटकट चालू आहे. मुलाने कपडे वाळत घालायचं नवीन यंत्र आणून छताला ठोकलंय. चाकं आहेत, दोऱ्या आहेत. दोरी सोडली की दांडा खाली येतो, ओढली की वर जातो. सून म्हणते, "आता ही वाकडी काठी कशाला बाबा? टाकून देऊ या. दार उघडलं की आपटते." मुलगा म्हणतो, "धूळ धरते." काठीने धूळ धरू नये तर काय धरावं, उपास?

मी म्हटलं, ती काठी नाही, धनुष्य आहे. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांची आई गेल्यापासून मी काहीही बोललो की ही दोघं अशीच एकमेकांकडे बघतात. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असं त्यांना वाटतं. फिरलेलं नाही. तोंडाने सांगायला बसलो तर मधेच फोन वाजतो, म्हणून लिहितो. शाळा माझी चौथीपर्यंतची. अक्षर वाकडं येईल, पण ते त्या काठीपेक्षा वाकडं नसेल.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आज सभा, उद्या मोर्चा, परवा हरताळ. लालबागला आमच्या चाळीच्या मागे व्यायामशाळा होती आणि तिच्यात मी तीर मारायचो. हसू नका. लाठी, दांडपट्टा, मलखांब सगळं होतं तिथे, तसा मागच्या भिंतीलगत एक लांब चिंचोळा पट्टा होता. त्याच्या टोकाला गवताची पेंढी बांधायची आणि बाण सोडायचे. आम्ही तिघंच होतो ते करणारे. बाकीचे म्हणायचे, ही रामलीला कशाला चाललीय.

मी गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होतो. साच्यांचा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. पाळी संपवून घरी आलं तरी कानात धडधड चालूच. बायको समोर बसून बोलायची तर तिचे ओठ बघून कळायचं काय म्हणते ते. पण दोरी कानापर्यंत ओढली आणि नजर पेंढीवर लावली की ती धडधड थांबायची. तेवढंच. मला त्या पट्ट्यावरून कुठे जिंकायला जायचं नव्हतं, कान थोडा वेळ शांत हवा होता. म्हणून तो पट्टा मला हवा होता.

आणि तोच वजनं उचलणाऱ्यांना पाहिजे होता. ते वस्तादांच्या मागे लागलेले, की तीन माणसांसाठी एवढी जागा अडवायची आणि आम्ही काय एकमेकांच्या पायांवर लोखंड टाकायचं? वस्ताद म्हणजे व्यायामशाळेचे मालकच म्हणा. माणूस वाईट नव्हता, पण एकदा बोलला की त्याचं बोलणं दगडावर कोरलेलं. त्यांनी निकाल दिला.

"दसऱ्याला पुढारी येणार आहेत. या भिंतीला गुलालाचं मडकं टांगतो, त्या भिंतीकडून बाण मारायचा. मडकं फुटलं, गुलाल उडाला, लोक खूश झाले, तर पट्टा तुझा. नाही फुटलं तर लोखंडवाल्यांचा."

माझं जुनं धनुष्य म्हणजे कोणीतरी गावाहून आणलेली चिव्याची, बारीक बांबूची, काटकी होती. पेंढीत बाण रुतायचा, पण मडक्याला लागला की टिचकी मारल्यासारखा आवाज करून खाली पडायचा. म्हणजे जोराचं धनुष्य पाहिजे. हे एवढं बोललो आणि चूक झाली, कारण चाळीतल्या प्रत्येकाला धनुष्यातलं कळायला लागलं. जॉबर, म्हणजे आमच्या खात्याचा मुकादम, म्हणाला, लोखंडी पट्टीचं करून घे, स्प्रिंगसारखं. शेजारचे मामा म्हणाले, शिंगाचं घे, पूर्वी राजे लोक वापरायचे. मी म्हटलं मामा, शिंग कुठून आणू, तुमच्या डोक्यावरचं देता का? ते महिनाभर बोलले नाहीत.

वस्ताद म्हणाले, "गिरगावात नाटकाच्या सामानाचं दुकान आहे. तिथे जा. कसली दणदणीत धनुष्यं आहेत, मी डोळ्यांनी बघितलीयत."

गेलो ट्रामने. बायको बरोबर आली. लग्नाला वर्षच झालेलं, गिरगाव बघायला मिळेल म्हणून आली. ती मालवणकडची, बोलणं अस्सल तिकडचं. दुकानात शिरलो तर भिंतीवर मुकुट, दाढ्या, कागदाच्या लगद्याच्या गदा. दुकानदार गल्ल्यावरून उठलासुद्धा नाही.

"रामाचं पाहिजे का अर्जुनाचं?"

"मडकं फोडायचंय," मी म्हटलं.

"मग कृष्णाकडचं सामान बघा. तिकडे, बासऱ्यांच्या बाजूला."

बायकोने पदर तोंडात कोंबला. मी सोनेरी कागद लावलेलं एक मोठं धनुष्य खाली काढलं. दिसायला खरंच दणदणीत. ओढलं, तर अर्ध्यावर कडकन आवाज झाला आणि मुठीवरचा सोनेरी कागद माझ्या हातात आला. दुकानदार आता मात्र उठला.

"अहो ओढताय काय! धनुष्य ओढतात का? नुसतं धरायचं असतं. आत विंगेत झांज वाजवतात मग."

"मग बाण कसा सुटतो?"

"बाण सुटत नाही. समोरचा राक्षस आपणहून पडतो. तीन रामांनी वापरलंय हे धनुष्य, कोणी ओढलं नव्हतं आजवर."

सोनेरी कागद थुंकी लावून परत चिकटवला आणि निघालो. ट्रामची वाट बघताना बायको म्हणाली, "मडक्याक आधी सांगान ठेवा, आपणहून फूट म्हणान." चार दिवस तिला हसायला पुरलं ते. मला काडीचं हसू आलं नव्हतं. दसरा जवळ येत होता.

शेवटी परळला बांबूच्या वखारीशेजारी टोपल्या-सुपं विणणारा एक बुरूड होता, त्याच्याकडे गेलो. त्याच्या गावाकडे रानडुकरांसाठी कमठे करत, हे कोणाकडून तरी कळलेलं. कमठा म्हणजे धनुष्यच. त्याने माणग्याचे, म्हणजे भरीव बांबूचे, तीन कमठे तासून ठेवले आणि सांगितलं, येऊन बघून घे. मी गेलो, बायको बाजाराची पिशवी घेऊन आली, आणि कोणी बोलावलं नसताना वस्ताद आले.

पहिला कमठा मनगटाएवढा जाड. वस्तादांनी उचलून माझ्या हातात दिला. "गडी असशील तर हा घे."

ओढला. छातीपर्यंत आला, पुढे येईना. दंड लटलटायला लागले, बाणाचं टोक समोर माशी फिरावी तसं फिरत होतं. तिसरा बारीक होता, माझ्या जुन्याचा भाऊ. मधला ओढला तेव्हा जोर लागला, पण कानापर्यंत आला आणि तिथे थांबला. बाणाचं टोक जागच्या जागी.

"ह्यो घेवा," बायको म्हणाली. "त्या जाड्यान हात थरथरता तुमचो. ह्याच्यान नाय थरथरत."

"वहिनी, हत्याराच्या गोष्टीत बायकांनी पडू नये," वस्ताद म्हणाले.

"मी हत्याराचा खंय बोलतंय? मी मडक्याचा बोलतंय. मडकी कशी फुटतत ता आमकाच म्हायत."

बुरूड खाली मान घालून सूप विणत होता, पण त्याचे खांदे हलत होते. मी मधला घेतला. वस्तादांचं तोंड कडू झालं. निघताना बुरूड एवढंच म्हणाला, "बांबू ओला आहे अजून. बाण मारून झाले की दोरी उतरवायची. चढवून ठेवलास तर वाकेल तसाच राहील, मग त्यात जोर राहणार नाही." हे वस्तादांच्या समोर बोलला. त्यांच्या समोर. मी परत लिहितो, कारण पुढे त्यांनी कानावर हात ठेवले.

घरी परत येताना नाक्यावर हवालदाराने अडवलं. त्या आठवड्यात गडबड झालेली, दोन लाठ्या एकत्र दिसल्या तरी पोलीस धावत. दोरी अजून लावलेली नव्हती, नुसता तासलेला बांबू खांद्यावर.

"काय आहे हे? मोर्च्याला चाललास?"

मी तोंड उघडत होतो. तीरकमठा म्हणालो असतो तर थेट आत. बायको मधे आली.

"वलणीची काठी आसा, सायबानू. चाळीत दांडे किती वर असतत, हात पोचणा नाय."

"वाकडी?"

"सरळ म्हाग होती."

हवालदाराने काठी हातात घेतली, उंच केली, हवेतच एक लुगडं वाळत घातल्यासारखं केलं. म्हणाला, "चांगली आहे. आमच्या घरच्या काठीने भिंतीचा रंग निघतो." आणि दिली परत. वस्ताद आमच्या बरोबरच चालत होते, ते एवढ्यात पानाच्या गादीवर चुना मागत उभे. छातीचा घेर केवढा त्या माणसाच्या!

दोरी बायकोने वळली. तिच्या माहेरहून घायपाताचा वाख आलेला, खाट विणायला म्हणून. उंबऱ्यात बसून, पाय लांब करून, पोटरीवर तळव्याने वळत गेली, मग मेण घासलं. खाट तशीच राहिली. त्या दोरीने, त्या कमठ्याने मी फुटकी मडकी टांगून बाण मारायला लागलो आणि पहिलं मडकं फुटलं तेव्हा बायको गॅलरीतून ओरडली, "आमटीचा नवा मडका घेतला की काय?" नव्हतं घेतलं. मडक्याच्या खापऱ्या भिंतीपर्यंत उडालेल्या. कान असे शांत झाले की त्या रात्री पाळीवर साच्यांचा आवाजसुद्धा लांबून आल्यासारखा वाटला. मी रोज बाण मारून झाले की दोरी उतरवायचो. पट्टा आता माझाच, असं धरून चाललो.

आणि घटस्थापना आली.

आमच्याकडे रीत अशी, की घट बसले की व्यायामशाळेतली सगळी शस्त्रं देवीपुढे मांडायची. लाठ्या, दांडपट्टे, सगळं. झेंडूची माळ घालायची आणि दसऱ्याला पूजा होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. मी कमठा दोरी उतरवून नेला. वस्तादांनी बघितलं आणि कपाळाला आठी.

"प्रत्यंचा कुठाय?"

"उतरवलीय. दसऱ्याला चढवतो."

"उतरलेलं धनुष्य देवीपुढे? हे शस्त्र आहे का काठी? चढव."

"वस्ताद, त्या बुरडाने सांगितलं ना तुमच्यासमोर? ओला बांबू आहे. दसऱ्यापर्यंत ताणलेला ठेवला तर पार मरेल."

"मी काही ऐकलेलं नाही." त्यांनी भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. "देवीच्या हातात बघ. उतरलेलं आहे का?"

"ते चित्रातलं आहे. ते कशाने वाकणार?"

झालं. देवीला चित्रातली म्हणतो. सगळे जमले. वजनवाले तर सगळ्यात पुढे, त्यांना त्या दिवशी अचानक धर्म आठवला. कोण म्हणे अपशकून, कोण म्हणे चळवळीचं वर्ष, देवीपुढे उतरलेलं हत्यार ठेवलं तर महाराष्ट्र कसा मिळेल? अरे, महाराष्ट्र माझ्या दोरीला बांधला होता काय? मी म्हटलं, मग जुनं धनुष्य ठेवा, हे नको. तर म्हणे, जे दसऱ्याला चालवायचं तेच पुजायचं. खूप ओरडलो. साचेखात्यातला माणूस ओरडला की लांबपर्यंत ऐकू जातं, पण ऐकणारे पाहिजेत ना. शेवटी वस्तादांनी स्वतःच्या गुडघ्यावर वाकवून दोरी चढवली, कुंकू लावलं, आणि कमठा देवीपुढे.

मी रोज संध्याकाळी आरतीला जायचो. देवीचं दर्शन राहिलं बाजूला, मी कमठा बघायचो. लोक टाळ्या वाजवतायत आणि तिथे माझा बांबू हळूहळू आपला हट्ट सोडतोय. एका आरतीला बायका ओटी भरायला आल्या. बायको माळ घालायच्या निमित्ताने वाकली आणि तिचं बोट दोरीच्या फासाकडे गेलेलं मी बघितलं.

"वहिनी! हात लावायचा नाही!" वस्ताद तिथून ओरडले.

"हार घालतंय," ती म्हणाली आणि हार घालून परत आली. माझ्या शेजारून जाताना हळूच म्हणाली, "नाय जमला." तिचा चेहरा असा होता की माझाच कमठा नाही, तिचं काहीतरी मोडतंय. होतंच तिचं. दोरी तिची, निवड तिची.

दसऱ्याला अंगण गच्च भरलेलं. पुढाऱ्यांचं भाषण लांबलं, ऊन डोक्यावर. मडकं टांगलेलं, खाली पांढरे कपडे घालून पुढारी बसलेले. पूजा झाली, कमठा माझ्या हातात आला. दोरी सैल, बोटाने हलवली तर लोंबली. मी तिला पीळ देऊन देऊन आखूड केली. ओढलं. जोरच नाही. कानापर्यंत आलं ते पडदा ओढावा तसं. नेम चुकला नाही, हे कोणालाही विचारा. आता विचारायला कोणी उरलं नाही, तरी विचारा. बाण मडक्याच्या पोटावर बरोबर मधे लागला. टिक. मडकं झोका घेतल्यासारखं हललं आणि बाण पुढाऱ्यांच्या चपलांजवळ पडला.

दुसरा मारला. टिक.

लोक हसायला लागले. वस्तादांनी लाठी उचलली, चार ढांगांत तिकडे गेले आणि मडक्यावर अशी हाणली की सगळा गुलाल पुढाऱ्यांच्या डोक्यावर. "झालाच पाहिजे!" अशी आरोळी उठली, ढोल सुरू झाले, लोक नाचायला लागले. लोकांना गुलाल मिळाल्याशी मतलब. मीही लाल झालो, डोळ्यांत गेला. अंगणात एकटाच लाल तोंडाने बांबू धरून उभा.

पण खरा संताप पुढे आहे. वस्ताद माझ्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांसमोर म्हणाले, "धनुष्यच हलकं निवडलंस. जाड घे म्हणत होतो ना? बायकोच्या सांगण्यावरून हत्यार घेतलं की असं होतं."

मी घसा फोडून सांगितलं की दोरी चढवून ठेवल्याने झालं. ढोलांत कोणाला ऐकू जाणार? दुसऱ्या दिवशी ढोल नव्हते, तेव्हाही कोणाला ऐकू गेलं नाही. चाळीभर तेच झालं, की बायकोचं ऐकून हलकं धनुष्य घेतलं. पट्ट्यावर लोखंडाची वजनं आली. मी व्यायामशाळेची पायरी पुन्हा चढलो नाही. कानातली धडधड गिरणी बंद पडली तेव्हाच थांबली.

त्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर बायको गॅलरीत. कमठ्याची दोरी काढलेली, टोकावर माझा गुलालाने बरबटलेला सदरा, आणि ती तो वरच्या दांड्यावर टाकतेय. ऐटीत.

"हे काय चाललंय?"

"त्या हवालदाराक खोटा सांगितलंय म्हणान मनाक लागलेला," ती म्हणाली. "आता खरा झाला."

तिला वाटलं मी हसेन. मी बरेच दिवस बोललो नाही. तीही तेवढीच हट्टी. रोज त्याच काठीने कपडे घालायची आणि कोणी शेजारीण आली की मुद्दाम मोठ्याने सांगायची, "ह्या धनुष्य आसा हां. हलका नाय. मीच निवडलंय." दोरी तिने टाकली नाही, लोणच्याच्या बरणीच्या तोंडावरचा दादरा त्याच दोरीने बांधायची. महाराष्ट्र मिळाला, पोरं झाली, गिरणी बंद पडली. ती काठी चालूच. तिची मूठ जिथे पडायची तिथे बांबू काळा, गुळगुळीत झालाय.

शेवटच्या वर्षात तिचा हात खांद्याच्या वर जाईना. मग ती स्टुलावर बसायची आणि कपडे मी घालायचो, तिच्या हुकमाने. "टोकाक धरू नकात. मधी धरा. टोकाक धरल्यार थरथरता." मी वैतागायचो. धनुष्य कुठे धरायचं ते मला शिकवते! यंदा होळीनंतर ती गेली. आता कोणी शिकवत नाही, आणि खरं सांगतो, मी टोकालाच धरतो मुद्दाम, आणि ती थरथरते, आणि खालून कोणी काही बोलत नाही.

एवढं लिहून झालं आणि काल ते यंत्र अडकलं. चाकात दोरी गेली, दांडा एका बाजूने खाली, दुसऱ्या बाजूने छताला, मुलाच्या ऑफिसच्या पॅंटी मधे लोंबत. मुलगा कामावर. सून स्टूल घेऊन चढली, पोचेना. मग दाराआडून आवाज आला.

"बाबा, जरा काठी द्या ना."

मी पेपर वाचत होतो. वाचत राहिलो.

"बाबा, ऐकलंत का? काठी."

"कसली काठी? आपल्याकडे काठी नाही."

स्टूल करकरलं. मग म्हणाली, "बरं, धनुष्य द्या."

उठलो, दिलं. तिने टोकाला धरून वर केलं, तर पॅंट आणि बांबू दोन्ही लटलटायला लागले.

"अगं मधे धर," मी म्हटलं. "टोकाला धरलंस की थरथरतं ते."